पाय रात्री कुठे ठेवता?

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा. पाऊस थांबलाय, पण पन्हळीतून थेंब अजून पडतायत.

आज डिचोलीकडच्या एका हायस्कुलात ‘जिद्द’ या विषयावर बोलून आलो. मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या होत्या, “सर, कृत्रिम पायाचं तांत्रिक फार नको. मुलं कंटाळतात. जिद्दीवर बोला.” मी बरं म्हटलं. कुणालाही बरं म्हणायची माझी जुनी खोड.

सकाळी रायबंदरच्या धक्क्यावर गेलो तर नेमकी ओहोटी. ओहोटीला फेरीबोट खाली बसते, धक्क्याचा उतार वाढतो आणि पाण्याजवळ शेवाळ उघडं पडतं. माणसाचा घोटा उतारावर आपसूक वळतो. माझा डावा वळत नाही. मग मी खेकड्यासारखा आडवा उतरतो, खोटा पाय आधी, खरा मागून. “सवकास, पात्राव,” खलाशी म्हणाला, म्हणजे सावकाश, साहेब. नऊ वर्षं तो हेच म्हणतोय आणि नऊ वर्षांत त्याने एकदाही हात धरायचा प्रयत्न केलेला नाही. मला तो आवडतो. चोडणला मित्र गाडी घेऊन उभा होता, मयेमार्गे पाऊण तासात पोचलो.

गोंधळ झाला दीपप्रज्वलनाच्या वेळी. सरस्वतीचा फोटो, समई, सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. मी बूट घालूनच व्यासपीठाकडे निघालो आणि एका शिक्षकांनी माझ्या पायांकडे पाहून घसा खाकरला. आता त्यांना काय सांगायचं? माझं खोटं पाऊल बुटाच्या टाचेच्या उंचीला धरून बसवलंय. बूट काढला की टाच खाली जाते, नडगी मागे कलते आणि मी समईसमोर नमस्काराऐवजी उताणा. मार्दोळला म्हाळसेच्या देवळात पहिल्यांदा गेलो तेव्हा हे शिकलो होतो, खांबाला मिठी मारून.

म्हणून माइक हातात आल्यावर आधी तेच सांगितलं. झालं, तांत्रिक सुरू! जयपूर फूट कशासाठी जन्माला आला तेही ओघात आलं. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो रबराचा पाय केला, कारण परदेशी धाटणीच्या पायाला बूट लागायचा, आणि आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात भात लावतो. पाचवी-सहावीची पोरं पुढे सरकून बसली. एकाने स्वतःची टाच उचलून तोल जातो का ते पाहिलं. कंटाळा कुणाला आला ते मला तरी दिसलं नाही.

मग मार्क इंग्लिसची गोष्ट. ही मी नेहमी सांगतो. न्यूझीलंडचा गिर्यारोहक, माउंट कुकवर अडकलेल्यांना सोडवून आणणं हीच त्याची नोकरी. १९८२ च्या नोव्हेंबरात त्याच डोंगरावर तो आणि त्याचा जोडीदार फिल डूल वादळात सापडले आणि बर्फाच्या गुहेत जवळजवळ दोन आठवडे अडकून पडले. हिमदंशाने दोघांचेही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. नंतर इंग्लिस शिकला, वाइन बनवण्याच्या धंद्यात गेला (शाळेत हे गाळलं, गोव्यात पोरांना तेवढंच लक्षात राहिलं असतं), २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये सायकलिंगचं रौप्यपदक मिळवलं आणि १५ मे २००६ ला एव्हरेस्टवर पोचला. दोन्ही पाय नसलेला पहिला माणूस. पुढे व्याख्याता झाला, आणि ज्यांना पाय परवडत नाहीत त्यांच्यासाठी लिंब्ज फॉर ऑल नावाची संस्था काढली.

शिखर मी एका वाक्यात उरकतो. माझा जीव आहे तो ६,४०० मीटरवरच्या प्रसंगात. तिथे दोराचा आधार निसटला, इंग्लिस पडला आणि त्याचा कार्बन फायबरचा एक पाय मधोमध मोडला. त्याने काय केलं? हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती जाड चिकटपट्टी गुंडाळली. खालच्या तळावरून सुटा पाय वर येईपर्यंत काम भागवलं. मी हे वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो, आणि बायको आतून बघायला आली. पाय वापरणाऱ्यालाच कळेल त्यातलं सुख. माझा पहिला पाय जिथे केला तिथे सॉकेट, म्हणजे खरा पाय ज्यात बसतो ती वाटी, इतकं घट्ट बसवलं होतं की महिनाभर जखम भरेना, आणि तक्रार केली की “मनाची तयारी ठेवा” म्हणायचे. मनाची होती हो. मांसाची नव्हती. संध्याकाळी स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, बारीक होतो, पाय सैल लागतो, मग आणखी एक मोजा चढवायचा. पावसाळ्यात घामाने लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, घसरतो, मग बाजारात आडोसा शोधून पुसायचा. माझे दिवस या असल्या डागडुजीत जातात.

एक गोष्ट मात्र आज गिळली. इंग्लिस शिखरावर गेला त्याच चढाईत वाटेत डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक मरणाच्या दारात पडलेला होता. त्या दिवशी त्याला ओलांडून गेलेले सुमारे चाळीस जण होते, इंग्लिस त्यांच्यातला एक. खुद्द एडमंड हिलरीने कडक शब्दांत टीका केली. तेवढ्या उंचीवर प्राणवायूचीच मारामार, स्वतः कृत्रिम पायांवर उभा असलेला माणूस दुसऱ्याला कसा उतरवणार, हे मला पटतं. तरी ते आठवलं की पोटात खड्डा पडतो. टिपणात लिहिलं होतं. समोर पहिल्या रांगेतली चिमुरडी तोंड उघडं टाकून ऐकत होती, आणि मी पान उलटलं. मुख्याध्यापिकांनी सांगितलं म्हणून नव्हे. मलाच तो स्वच्छ हवा होता बहुतेक. परतताना फेरीवर हेच टोचत राहिलं. आठवी-नववीच्या पोरांना तरी सांगायला हवं होतं.

शेवटी प्रश्न. मोठ्यांनी विचारलं, प्रेरणा कुठून मिळते वगैरे. मग मागून एक बारका उभा राहिला. “सर, तुमी रातीं पांय खंय दवरतात?”

सगळे हसले. शिक्षकांनी डोळे वटारले. मी म्हटलं, थांबा, हा खरा प्रश्न. खाटेच्या उजव्या अंगाला, भिंतीला टेकवून, बूट घातलेलाच. रात्री उठायचं झालं तर अंधारात हाताला लागला पाहिजे. सुरुवातीला आई त्याच्यावर जुनं लुगडं झाकून ठेवायची, नुसता पाय उभा पाहून तिला भीती वाटायची. आता तीच त्याच्या बुटाला पॉलिश करते. पोरगा विचार करून म्हणाला, “आनी उंदीर?” उंदीर अजून आलेला नाही, पण आज खाटेवर बसल्यापासून दोनदा वाकून पाहिलंय.

लायनर धुऊन पंख्याखाली टांगलाय, या हवेत सकाळपर्यंत सुकेल असं वाटत नाही. शाल बायकोने कपाटात ठेवली, चौथी झाली. नारळ उद्याच्या हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात.