बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, मग पुढं?

दुर्गम भागातल्या बाळंतपणाचा विषय निघाला की रस्ता नाही, डॉक्टर नाही, अ‍ॅम्ब्युलन्स येत नाही हेच बोललं जातं, आणि ते खरंच आहे, गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आतल्या पाड्यांवरून बाईला खाटेवर घालून आणावं लागतं. पण बाळंतपण नीट झालं म्हणजे सुटलो असं नसतं ना. पहिला महिना सगळ्यात धोक्याचा, आणि तो जातो घरात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं नेमकं हेच धरलं. आधी लहान मुलांच्या न्यूमोनियाचं काम केलं. दायांना श्वास साठपर्यंत मोजता येईना म्हणून मण्यांची पाटी केली, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाची छाती बघत दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. शाळेत न गेलेली बाई हे करू शकते!! मला हे फार मोठं वाटतं.

मग १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायका, आरोग्यदूत म्हणून, घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास बघू लागल्या, बाळ गार पडू नये म्हणून गुंडाळायला शिकवू लागल्या, आणि जंतुसंसर्ग दिसला तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनपण त्याच देत. तिसऱ्या वर्षापर्यंत, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला.

२०११ पासून देशभर आशाताई घरभेटींचं हे काम करतात, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलं तर सात. आणि या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की मोबदला किती ठरवला, तर २५० रुपये. म्हणजे डोंगर चढून जायचं, सासूची समजूत घालायची, ओल्या बाळंतिणीला नीट खायला मिळतंय का बघायचं, फॉर्म भरायचा, आणि एका भेटीचे चाळीसेक रुपये. मला हे अजिबात पटत नाही.

दवाखाने हवेतच, सिझेरियनची सोय जवळ हवी, रक्त हवं, त्यात वादच नाही. पण बिल्डिंगला निधी मिळतो तसा आशाताईच्या पगाराला, तिच्या वजनकाट्याला आणि थर्मामीटरच्या सेलला पण मिळायला हवा. तुमच्या गावात ग्रामसभा होत असेल तर पुढच्या वेळी एवढं तरी विचारा, आशाताईच्या किटमधलं काय काय चालू आहे आणि तिचा मोबदला कधीपासून अडकलाय.