सही कोणाची, माईक कोणाकडे: वस्ती संघटनांच्या जाळ्यात समता कशी तपासावी

नागपुरात हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो तेव्हा त्यात कोणत्या वस्तीच्या बाया आल्या, किती गाड्या लागल्या, कोणी माणसं जमवली हे संघटनेतल्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण त्याच संघटनांच्या जाळ्याचं बँक खातं कोणाच्या सहीने चालतं, मंत्र्याच्या दालनात शिष्टमंडळ म्हणून कोण जातं, पत्रकारांना नंबर कोणाचा दिला जातो, हे प्रश्न विचारले की लोक एकमेकांकडे बघू लागतात. समतेची तपासणी करायची ती इथे. डोकी मोजणं हा तिचा सोपा आणि कमी महत्त्वाचा भाग आहे.

देणगीदार संस्था कधी कधी अमेरिकेत तयार झालेली वांशिक समतेची प्रश्नावली पाठवतात. तिथे सरकारच वांशिक गटांची यादी ठरवून देतं (मार्च 2024 च्या बदलानंतर त्यात सात गट आहेत) आणि संघटना आपले आकडे त्या यादीशी ताडून बघतात. तिथल्यासाठी ते ठीक आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात ‘अनुसूचित जाती’ या एकाच चौकटीत 59 जाती येतात. नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध समाजाची चळवळ भक्कम उभी राहिली, तिच्यामुळेच या शहरातल्या वस्त्यांना बोलायची ताकद आली. पण सगळ्यांना एका चौकटीत मोजलं की आकडा छान दिसतो, आणि कार्यकारिणीत मांग गारुडी किंवा वाल्मिकी समाजातलं कोणीच नाही ही गोष्ट त्याखाली दडून जाते. मुसलमानांचंही तसंच. मोमिनपुऱ्यातला एक पुरुष घेतला म्हणजे विणकर मोमिन, कसाई, फकीर सगळे आले, असं होत नाही. बाया तर नाहीच आल्या.

पोटजाती विचारल्या की ‘चळवळ फोडायची आहे का?’ असा प्रश्न येतो. राज्यांना अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण (म्हणजे आतले पोटगट पाडून आरक्षणाचा वेगळा वाटा देणं) करता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑगस्ट 2024 ला दिला, तेव्हापासून ही भीती जास्त आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत लेखी सांगावं: ही तपासणी आरक्षणाच्या वाट्याबद्दल नाही, आपल्या जाळ्यातल्या पदांबद्दल, मानधनाबद्दल आणि निर्णयांबद्दल आहे, आकडे बाहेर कोणालाही दिले जाणार नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर ती सुरूच करू नये.

फॉर्म एका पानाचा ठेवा. धर्म, जात किंवा जमात, आणि प्रवर्ग हे तीन वेगळे प्रश्न असावेत. जातीच्या प्रश्नाला पर्याय न देता रिकामी ओळ द्या आणि शेजारी ‘सांगायचं नाही’ असा चौकोन ठेवा. कारण नागपुरात कोणी धर्म बौद्ध, जात महार लिहितं. कोणी दोन्हीकडे बौद्धच लिहितं. कोणाला जात लिहिणंच मान्य नसतं, आणि तो त्यांचा स्वाभिमानाचा निर्णय आहे. तिन्ही उत्तरं बरोबर धरायची. हलबा कोष्टी आणि गोवारी समाजाचं प्रकरण आणखी नाजूक आहे. हलबा कोष्टींना अनुसूचित जमात मानता येणार नाही हा निकाल 2000 चा, गोवारींबद्दलचा तसाच निकाल 2020 चा. 23 नोव्हेंबर 1994 ला याच शहरात चेंगराचेंगरीत 114 गोवारी मेले, ते अनुसूचित जमातीत घ्या या मागणीसाठीच आले होते. त्या घरातल्या बाईने फॉर्मवर ‘आदिवासी’ लिहिलं तर फॉर्म गोळा करणाऱ्याने ते खोडू नये. कोर्टाचा प्रवर्ग एका रकान्यात, माणसाने सांगितलेली ओळख दुसऱ्यात.

जातीचा दाखला मागू नका. सगळ्यात वाईट चूक इथे होते, कारण दाखला मागणं शिस्तीचं वाटतं. महाराष्ट्रात दाखल्यासाठी अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. पाल ठोकून फिरणाऱ्या कुटुंबाकडे 1961 चा कागद कुठून असणार? छत्तीसगडहून, मध्य प्रदेशातून नंतर आलेली दलित कुटुंबं इथे कागदावर खुल्या वर्गात जातात. दाखल्यावर मोजणी केली की सगळ्यात मागे राहिलेली माणसंच तपासणीतून गळतात आणि अहवाल समाधानकारक येतो.

फॉर्मवर नाव नको. बंद पेटीत टाकायचा, पेटी दोन वेगळ्या वस्त्यांच्या दोघांनी मिळून उघडायची. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत त्याचा आकडा छापायचा नाही. नऊ जणांच्या कार्यकारिणीत ‘भटके विमुक्त: 1’ असं लिहिलं तर ते कोण हे सगळ्यांना कळतं. कार्यकारिणीसाठी म्हणून फॉर्म नकोच, त्यांनी समोरासमोर बसून बोलावं.

मोजणी थरांनुसार करा: मोर्च्याला-सभेला येणारे, वर्गणी भरणारे सभासद, वस्ती समितीचे पदाधिकारी, मानधनावरचे कार्यकर्ते, कार्यकारिणी, आणि सही करणारे. वीस वस्त्यांचं जाळं असेल तर एवढ्यावरूनच चित्र दिसायला लागतं. खालच्या थरातून वर जाताना कोणता समाज कुठे संपतो, ते बघायचं. बहुधा बाया समितीपर्यंत येतात आणि मानधनाच्या थरावर थांबतात. भटके सभेपर्यंत येतात आणि पुढे दिसत नाहीत.

आता कागद. माणसं सांगतात त्यापेक्षा प्रोसिडिंग बुक (बैठकांची आणि ठरावांची वही) आणि व्हाउचर फाइल (खर्चाच्या पावत्यांची) जास्त सांगतात, आणि बहुतेक तपासण्या नेमक्या इथे आळस करतात. गेल्या बारा महिन्यांची प्रोसिडिंग घ्या. प्रत्येक ठरावापुढे सूचक कोण, अनुमोदक कोण हे वेगळ्या कागदावर उतरवा. विषयपत्रिकेत कोणाचा विषय पहिल्या तिघांत आला आणि कोणाचा ‘ऐन वेळचे विषय’ म्हणून शेवटी ढकलला, तेही लिहा. वस्तीतल्या घराच्या जागेच्या मालकी हक्काच्या पट्ट्यांचा विषय दर बैठकीत असतो आणि जातीच्या दाखल्यांचा वर्षातून एकदा, असं दिसलं तर मागण्या कोण ठरवतं ते कळलं. पट्टे ज्यांना मिळू शकतात तेच ठरवतात.

व्हाउचरमध्ये मानधन महिन्यानुसार न बघता कामाच्या तासानुसार बघा. अर्धवेळ म्हणून नेमलेली ताई रोज सात तास वस्तीत असेल तर तिचा तासाचा दर ऑफिसातल्या समन्वयकाच्या शेजारी मांडा. प्रवासखर्चाची पावती दिल्यापासून पैसे हाती येईपर्यंत किती दिवस लागतात, हे माणसागणिक काढा. ज्याच्या घरात चार पैसे शिल्लक असतात तो महिनाभर थांबू शकतो. जिची रोजची मजुरी बुडाली ती पुढच्या शिबिराला येत नाही, आणि नोंद होते ‘रस नाही’. मुंबई-दिल्लीच्या बैठकांना कोण गेलं, हेही तिथेच सापडतं.

माईकची नोंद सोपी आहे. दोन निरीक्षक, दोन घड्याळं, दोन तासांची बैठक. कोण किती मिनिटं बोललं, कोणाला मध्येच तोडलं, कोणाची सूचना दुसऱ्याने पुन्हा मांडली तेव्हाच मान्य झाली. सतरंज्या कोणी घातल्या, चहाचे कप कोणी उचलले तेही लिहा. तीन बैठका तरी बघा, कारण पहिल्या बैठकीत सगळे सांभाळून वागतात.

गटचर्चा सहा पुरतात: आठ-दहा जण, दीड तास, आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे त्याच दिवशी हातात. बायांची, मुस्लिम सभासदांची, भटक्या-विमुक्तांची, अपंग सभासदांची, तृतीयपंथी सभासदांची वेगळी. आणि सहावी संघटना सोडून गेलेल्यांची. ही शेवटची कधीही वगळू नका, सोडून गेलेले लोकच दार कुठे अडलं ते नेमकं सांगतात. चर्चा घेणारा नेतृत्वातला नसावा, आणि त्या समाजाची बोली त्याला यावी. छत्तीसगढी बोलणाऱ्या बायांना पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले तर त्या ‘सगळं बरं आहे’ म्हणतात.

वेळ आणि जागा तपासायला एक दुपार पुरते. ऑफिस धरमपेठेत किंवा सिव्हिल लाइन्सला असेल तर पारडी, कळमन्याहून रात्री परतायला बस आहे का ते बघा. सकाळी अकराची बैठक रोजंदारीवाल्यांना नको असते, घरकाम करणाऱ्या बायांना दुपारी एक ते चार सोयीचं, शुक्रवारची दुपार नमाजाची. मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारची सभा ठेवली तर म्हातारी माणसं आणि तान्ह्या बाळांच्या आया येणारच नाहीत.

काय बिघडतं? वस्तीप्रमुख सगळ्यांचे फॉर्म स्वतःच भरतो. एकाच तरुण मुस्लिम बाईला तीन रकान्यांत मोजून तीन प्रतिनिधी दाखवले जातात. तपासणीचं सगळं काम दलित कार्यकर्तीवर येतं, जादा पैशाशिवाय, आणि निष्कर्ष कटू निघाले की राग तिच्यावर. ‘आमच्यात जात पाळत नाही’ हे उत्तर येतं तेव्हा वाद घालू नका, व्हाउचर फाइल उघडा. आणि अहवाल इंग्रजीत लिहून देणगीदाराला जातो, वस्तीला कळतच नाही.

पूर्ण कामाला दहा-बारा आठवडे धरा. बजेटचा तिसरा हिस्सा अहवालानंतरच्या बदलासाठी आधीच बाजूला काढा, नाहीतर ठराव होतात आणि पैसे नसतात. निष्कर्ष तीस दिवसांच्या आत वस्त्यांमध्ये मोठ्याने वाचून दाखवा, मराठीत, हिंदीत, लागेल तिथे छत्तीसगढीत. मग बदल तीनच घ्या, प्रत्येकापुढे रक्कम, तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव. आमच्या मते पहिला बदल बँकेचा असावा: तीन सहीदारांपैकी दोन वस्ती समित्यांचे. दुसरा, विषयपत्रिका सात दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोपाने, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही विषय सुचवता येतो. तिसरा, जातीवरून झालेल्या अपमानाची तक्रार ऐकायला कार्यकारिणीबाहेरचे तिघे. लैंगिक छळाची तक्रार समिती वेगळी, ती दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर 2013 च्या कायद्याने बंधनकारकच आहे.

मूळ फॉर्म आकडे उतरवून झाले की पेटी उघडणाऱ्या दोघांसमोर नष्ट करा, प्रोसिडिंगमध्ये तशी नोंद घ्या. प्रश्न आणि मोजणीचे तक्ते मात्र जपून ठेवा. दोन वर्षांनी तपासणी पुन्हा करायची ती शब्द न बदलता त्याच प्रश्नांनी, आणि तेव्हा फॉर्मच्या आधी बँकेतल्या सह्यांचा नमुना मागवून बघायचा.