मोहोराच्या दिवसांतला मेळावा

दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या आम्हा मंडळींचा मेळावा दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो आणि ही वेळ पूर्ण विचारान्ती ठरलेली आहे. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची, त्यामुळे मेळावा मे महिन्यात घ्यावा असे पूर्वी अनेकांचे म्हणणे असे. पण त्या दिवसांत हापूसच्या पेट्या भरण्याची घाई असते, पाऊस पडण्याआधी शेवटचा आंबा उतरवायचा असतो, आणि बागायतदार किंवा रोपवाटिकाचालक झालेल्या माणसाला तेव्हा घर सोडणे शक्यच नसते. हिवाळ्यात मात्र भात घरात आलेले असते, कलमांना मोहोर दिसू लागलेला असतो आणि मोहोरावरच्या तुडतुडे या किडीसाठीच्या दोन फवारण्यांच्या मध्ये एखादा दिवस मोकळा मिळतो. मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसे त्या एका दिवसासाठी पहाटेच्या एस.टी.ने निघतात.

मेळाव्यात व्हायचे ते सगळे होते. जुन्या वसतिगृहाच्या खोल्या पाहून होतात, निवृत्त गुरुजनांच्या पाया पडून होते, आणि तांदळाची भाकरी, पावट्याची उसळ, सोलकढी असे जेवण पंगतीत बसून होते. मला मात्र आठवतो तो दुपारचा सत्कार, कारण आमच्या मेळाव्याला त्याचा खरा चेहरा या सत्काराने दिला असे मी मनापासून मानतो.

आरंभीच्या मेळाव्यांत सत्कार ज्येष्ठांचे होत. येथील कृषी महाविद्यालय १९६५ चे, म्हणजे विद्यापीठाहूनही जुने. त्याच्या पहिल्या तुकड्यांतून बाहेर पडलेली माणसे पुढे मोठ्या पदांवर पोहोचली होती आणि त्यांचा गौरव उचितच होता. रत्ना आणि सिंधू या आंब्याच्या जाती, वेंगुर्ल्याच्या केंद्रातून आलेल्या काजूच्या जाती, कर्जत आणि शिरगावच्या केंद्रांतले भाताचे वाण हे सारे ज्यांच्या पिढीच्या हातून घडले, त्यांच्यापुढे आम्ही आजही नतमस्तक आहोत. हापूसला नीलमची जोड देऊन १९८१ मध्ये रत्ना आणि पुढे रत्नाला पुन्हा हापूसची जोड देऊन १९९२ मध्ये अतिशय पातळ बाठ्याची सिंधू देणे, आणि दोन्हींत साका, म्हणजे आतला गर पांढुरका पडून नासणे, हा हापूसचा दोष न येणे, हे वर्षानुवर्षांच्या चिकाटीचे फळ होते. तरीही एका मेळाव्यात आमच्या उद्यानविद्येच्या सरांनी, स्वतःचा सत्कार स्वीकारून झाल्यावर, माइकसमोर उभे राहून सांगितले की पुढच्या वर्षीपासून ही शाल चाळिशीच्या आतल्यांना द्या. फळ उतरल्यावर झाडाचे कौतुक सगळेच करतात, पण फवारणी मोहोरावरच करावी लागते, असे ते म्हणाले. सभागृहातल्या ज्येष्ठांनीच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या आणि तेव्हापासून हा पायंडा पडला.

या सत्काराचे मानपत्र कार्यालयातून तयार होऊन येत नाही. ते सत्कारमूर्तीच्या वर्गमित्राने लिहायचे आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने वाचायचे, असा नियम आहे. पहिल्या वर्षीच्या मसुद्यांत ‘कोकणचे भूषण’, ‘तेजस्वी तारा’ अशी विशेषणे भरपूर होती. सरांनी ती एकेक करून खोडली आणि समासात प्रत्येक वेळी एकच ओळ लिहिली: ‘काम काय केले ते लिहा.’ तेव्हापासून आमच्या मानपत्रांत किती कलमे जगली, किती खाचरांत नवे वाण गेले, गावातल्या किती घरांना त्यातून उत्पन्न मिळू लागले, हे लिहिलेले असते. पदाचा उल्लेख शेवटी आणि एका वाक्यात येतो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण पद पाहून दिलेला मान त्या पदाला मिळतो आणि काम वाचून दिलेला मान माणसापर्यंत पोहोचतो.

त्यामुळेच परदेशातल्या प्रयोगशाळेत संशोधन करणारा आणि स्पर्धा परीक्षेतून अधिकारी झालेली अशा दोघांच्या शेजारी गुहागरकडची एक रोपवाटिकाचालक त्याच व्यासपीठावर, त्याच रांगेत बसलेली मी पाहिली. तिचे काम कोय कलमांचे. पावसाळ्यात बाठ्यातून नुकत्याच उगवलेल्या, तांबूस पानांच्या कोवळ्या रोपावर निवडक मातृवृक्षाची काडी पाचर करून बसवायची, पट्टीने घट्ट बांधायची आणि सावलीत जपायची, ही पद्धत कोकणच्या दमट हवेत चांगली मानवते. १९९० मध्ये राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली, तेव्हा आंबा-काजूच्या कलमांची मागणी एकदम वाढली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात रोपवाटिकांचा व्यवसाय उभा राहिला. पुढच्या पिढीतल्या या मुलीने तो व्यवसाय वाडीतल्या बायकांच्या हाती दिला. बांधणीचे काम त्यांना शिकवले, मर लागलेली कलमे विकायची नाहीत असा नेम घालून घेतला आणि प्रत्येक कलमाच्या मातृवृक्षाची नोंद ठेवली. मानपत्र वाचून झाल्यावर तिची आई व्यासपीठाखाली उभी होती. मी जवळच होतो. तिने शेजारणीला इतकेच सांगितले, “पोरीनं नाव काढलान गो!” एवढे बोलून तिने पदराने डोळे टिपले.

रत्नागिरीजवळच्या शिरगावचे आमच्याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ चे. तेथून शिकून गेलेल्या एका तरुणाने सिंधुदुर्गातल्या एका खाडीत बचत गटांच्या महिलांना खेकडापालन शिकवले, त्याचाही सत्कार पुढे झाला. भाषण करण्याऐवजी त्याने गटातल्या दोघींना व्यासपीठावर बोलावले आणि त्यांनाच बोलायला लावले.

मला सर्वांत अधिक आठवतो तो निसर्ग चक्रीवादळानंतरचा मेळावा. ३ जून २०२० रोजी ते वादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागायती वाड्या उद्ध्वस्त झाल्या. केळशी, आंजर्ले, हर्णै, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात नारळ-पोफळीची, म्हणजे नारळ-सुपारीची वाडी हे घराचे उत्पन्नही असते आणि सावलीही असते. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न हाती यायला पाच-सहा वर्षे जातात, आंब्याचे जुने झाड गेले तर एका पिढीचे श्रम जातात. त्यात साथीमुळे जाण्या-येण्यावर बंधने होती. अशा काळात आमच्या काही तरुण माजी विद्यार्थ्यांनी कोणी सांगण्याची वाट न पाहता गट केले आणि ते करवती, दोर, मोरचूद आणि चुना घेऊन गावोगाव फिरले. मुळे जमिनीत टिकून राहिलेली कलती कलमे आधार देऊन कशी उभी करायची, मोडलेल्या फांद्या कुठे कापायच्या, कापाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट कशी लावायची, पडलेल्या पोफळींच्या जागी तोवर कोणते आंतरपीक घ्यायचे, हे त्यांनी शेतकऱ्यांबरोबर राबून दाखवले. वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, घरांवर कौले नव्हती. त्यांच्यापैकी काहींच्या स्वतःच्या वाड्याही आडव्या झाल्या होत्या.

निर्बंध उठल्यानंतरच्या पहिल्या मेळाव्यात या सगळ्यांचा एकत्र सत्कार झाला. मानपत्र एकच होते आणि त्यात त्यांनी काम केलेल्या गावांची नावे किनाऱ्याच्या क्रमाने, उत्तरेकडून दक्षिणेकडे, लिहिलेली होती. प्रत्येक गावाचे नाव वाचले जाई तेव्हा त्या गावचा एखादा शेतकरी सभागृहात उभा राही. आमंत्रण सर्व गावांना गेले होते, पण इतकी माणसे येतील असे आम्हा संयोजकांपैकी कोणालाही वाटले नव्हते. आंजर्ल्याच्या एका वयस्क बागायतदारांनी उभ्या केलेल्या कलमांना आलेला मोहोर बरोबर आणला होता. त्यांनी तो त्या मुलांपैकी सर्वांत धाकट्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “हा तुझा हो, बाळा.”

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सत्कारमूर्तींनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रक्षेत्रावर, म्हणजे विद्यापीठाच्या शेतावर फिरायचे, हाही आमच्याकडचा एक अलिखित नियम आहे. व्यासपीठावर कोणी विचारत नाही असे प्रश्न तेथे विचारले जातात. पहिल्या वर्षी किती उत्पन्न मिळाले, कर्ज कोणी दिले, घरच्यांनी मुंबईला जा म्हणून किती आग्रह केला, मुलगी आहे म्हणून जमीन नावावर करून द्यायला किती दिवस लागले, याची उत्तरे दादा आणि ताई म्हणून मुले त्यांच्याकडून मागतात आणि त्यांना ती मिळतात. चाकरमानी होणे हीच ज्या प्रदेशात कर्तृत्वाची खूण समजली गेली, तेथे गावात राहून नाव काढलेला आपल्याहून दहाच वर्षांनी मोठा माणूस समोर चालताना दिसणे, ही फार मोठी गोष्ट आहे. सत्तरीच्या माणसाला असे प्रश्न मुले विचारत नाहीत आणि विचारले तरी तो काळ वेगळा होता, हे उत्तर त्यांच्या उपयोगाचे नसते.

गेल्या मेळाव्यानंतरच्या बैठकीत निवडीबद्दल बरीच चर्चा झाली. आजवर नावे माजी विद्यार्थीच सुचवत आले आहेत आणि त्यामुळे ज्यांचे मित्र दूरवर पांगले आहेत, असे कष्टाळू पदवीधर मागे राहतात, असे माझ्यासह काहींचे मत होते. आता ग्रामपंचायती, मच्छीमार सोसायट्या आणि महिला बचत गट यांच्याकडूनही नावे मागवण्याचे ठरले आहे. ही पत्रे गणपतीपूर्वी पोहोचतील अशी व्यवस्था केली आहे, कारण त्या दिवसांत मुंबईकर गावी आलेले असतात, गावची बैठक भरलेली असते आणि कोणाच्या मुलाने किंवा सुनेने गावासाठी काय केले, हे सांगायला सगळे एका जागी असतात.