तोंड दाखवून येणे

माझ्या रेडिओला गेली काही वर्षं आवाज नाही. बिघडलाय म्हणून नव्हे, मीच त्याचं बटण शून्यावर नेऊन ठेवलंय. रात्री साडेदहाला मागचं आवरून झालं की बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो, लॅपटॉप उघडतो आणि त्या मुक्या डब्यावरून ब्राझील, फिनलंड, एखादं रियुनियन बेट असं कुठे कुठे हिंडून येतो. बायको पाठीमागे शांत झोपलेली असते. पूर्वी याच वेळेला मी माइक धरून ‘सीक्यू, सीक्यू, सीक्यू’ (म्हणजे ‘कुणी आहे का?’) असा गळा काढायचो, तेव्हा ती उशी बगलेत मारून हॉलमध्ये निघून जायची. त्या हिशोबाने एफटी८ या नव्या मुक्या संगणकी पद्धतीने आमचा संसार सावरला असंच म्हणायला हवं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारी परीक्षा देऊन, परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं सांकेतिक नाव, मिळवून, घरच्या रेडिओवरून जगातल्या अनोळखी माणसांना हाका मारणारे जे लोक असतात ते हॅम. मध्ये इंटरनेट नाही, मोबाइलचा टॉवर नाही. गच्चीवर ताणलेली तार आणि वर आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थराला, आपटून परत येणाऱ्या लहरी, एवढंच भांडवल. बोलायचं ते तोंडाने, नाहीतर मोर्सच्या कट्ट-कडकट्टने. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. मग २०१७च्या जुलैत एफटी८ आलं आणि बघता बघता निम्मं गाव तिकडे राहायला गेलं.

त्याची तऱ्हा अशी. घड्याळाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे घास करायचे. एका घासात मी पाठवणार, पुढच्या घासात समोरचा. संदेश जेमतेम ७७ बिटांचा. तो आठ सुरांत वाजतो, आणि हे सगळे सूर मिळून पन्नास हर्ट्झची चिंचोळी पट्टी व्यापतात. एकाच्या बोलण्याला जेवढी जागा लागते, तेवढ्यात पन्नासेक जण एकमेकांच्या पायावर पाय न देता उभे राहू शकतात. मी लिहितो: सीक्यू, माझा कॉलसाइन, एमके६८. जगाच्या नकाशावर चौकटी आखल्यात, त्यातली पुण्याची चौकट एमके६८. पुढच्या घासात कुणीतरी उत्तर देतं: माझा कॉलसाइन, त्याचा कॉलसाइन, पीएम९५. म्हणजे टोकियोच्या बाजूचा. मी: उणे १४. तो: आर उणे ०९. मी: आरआर७३. तो: ७३. झालं. दीड मिनिट. उणे आकडे म्हणजे समोरच्याचा आवाज किती क्षीण पोचला त्याचं डेसिबलमधलं माप, आर म्हणजे पोचलं, आणि ७३ म्हणजे शुभेच्छा. यातलं काहीही मी लिहिलं नाही हेही सांगायला हवं. मी एकदा माउस दाबला, बाकीचं उत्तर-प्रत्युत्तर संगणकाने आपापलं उरकलं.

रिसेप्शनला जातो आपण, तसं आहे हे. रांगेत उभं राहायचं, स्टेजवर चढायचं, नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन ‘मी तुझ्या आईच्या ऑफिसातला’ म्हणायचं, तो ‘हो हो, जेवून जा हं काका’ म्हणतो, फोटो, खाली. त्याला आपलं नाव कळत नाही, आपल्याला त्याचं पत्रिकेत वाचलेलं आठवत नाही. पण तोंड दाखवून आलो याची दोन्हीकडे नोंद होते, आणि मुख्य मुद्दा नोंदीचाच असतो. हॅमांच्या हिशोबात जगात ३४० ‘देश’ आहेत (काही ठिकाणी तर पक्ष्यांखेरीज कुणी राहत नाही), आणि त्यातले आपले किती झाले यावर माणसाची झोप अवलंबून असते.

आमच्यातले एक ज्येष्ठ हॅम आहेत. त्यांना सगळे नुसतंच काका म्हणतात. मिनिटाला बारा शब्द या वेगाने मोर्सची परीक्षा दिलेले. त्यांनी माझा हा खेळ पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरशी तुझा कॉम्प्युटर बोलला. तू काय केलंस? चहा प्यालास?”

खरंच चहा पीत होतो.

त्यांचं ते वाक्य मला बरेच दिवस बोचत राहिलं. पण बोच जरा उकरून पाहिली तर खाली भलतंच निघालं. संगणक आल्यामुळे बोलणं गेलं, ही तक्रार आमच्यात सर्रास ऐकू येते. मग पीएसके३१चं काय? १९९८च्या सुमारास पीटर मार्टिनेझ या इंग्लंडमधल्या हॅमने ती पद्धत आणली. तीही संगणकाचीच होती, पण तिचा वेग बेतला होता माणसाच्या टंकण्यावर. तुम्ही अक्षर दाबलंत की ते तिकडे उमटायचं. चुकलात, खोडलंत, तर ते खोडणंही समोरच्याला दिसायचं. सर्बियातल्या एका निवृत्त माणसाने मला एका रात्री त्याच्या अंगणातल्या प्लमच्या झाडांबद्दल सांगितलं होतं, वीस-बावीस मिनिटं, मोडक्या इंग्रजीत. मधेच सिग्नल ओसरायचा आणि वाक्याच्या जागी स्क्रीनवर नुसती कचऱ्याची रांगोळी उमटायची, मग तो बापडा पुन्हा पहिल्यापासून लिहायचा. ती पद्धत आजही आहे, कुणी बंद केलेली नाही. रात्री तिथे जाऊन हाक मारतो, तर बहुतेक वेळा ओसाड वाडा. आमचे सगळे लोक शेजारच्या मांडवात, रांगेत उभे. मी उत्तर मिळेपर्यंत तिथे थांबतो का? दहा मिनिटं. मग मीही मांडवात.

आणि माइकवर तरी आम्ही असे काय गप्पांचे फड रंगवत होतो? स्पर्धेच्या दिवशी तर सगळ्यांना ‘फाइव्ह नाइन’. म्हणजे स्वच्छ, खणखणीत ऐकू येतंय. त्याच दमात पुढचं वाक्य, ‘तुमचा कॉलसाइन पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, पुन्हा एकदा.’ बारशाला कुणाचंही मूल गोंडसच असतं, त्यातला प्रकार. एफटी८ असलं काही जाणत नाही. ते तोंडावर सांगतं, उणे १७. वीस उणे झालं तर रेडिओला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातल्या एकूण गोंगाटाच्या शंभराव्या हिश्शाएवढाच तुमचा आवाज. आवाज वाढवून कान लावलात तर नुसती खरखर, आणि तिकडे लॅपटॉपवर अलगद एक ओळ उमटते: कॉलसाइन, चौकट. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि मी काही सहजी काटा येणाऱ्यातला नाही.

गोंगाटातून कण वेचण्याची ही कला आली कुठून, तर आकाशातून. एफटी८ मधला एफ म्हणजे स्टीव्ह फ्रँके आणि टी म्हणजे जो टेलर. टेलर म्हणजे तेच, ज्यांना रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७४ साली या दोघांनी अरेसिबोच्या रेडिओ-दुर्बिणीतून एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडगोळीतला स्पंदक, पल्सर, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ-लहरींचे ठोके देणारा तारा, शोधला होता. टेलर शाळकरी वयापासूनचे हॅम. चंद्रावर लहरी आपटून परत आलेला क्षीण आवाज ऐकावा, उल्कांच्या क्षणभराच्या शेपटीवरून संदेश उडवावा, असले उद्योग त्यांनी आधी केले. सहा मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्याची, म्हणजे बँडची, कवाडं दोन-चार मिनिटंच उघडतात, तेवढ्यात भेट आटपावी, म्हणून आधीच्या पद्धतींतले मिनिटाचे घास कापून पंधरा सेकंदांचे केले. कारण हे एवढंच. त्याच सुमारास सूर्यावरचे डाग आटले होते, त्यामुळे आयनांबर लहरी नीट परतवेना, बँड मेल्यासारखे पडले होते, साधं बोलणं पोचेना, आणि ही चिमुकली पद्धत मात्र पोचत होती. रांग लागली ती अशी.

आपल्याकडे खोडदला रेडिओ-दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, त्याही असेच स्पंदक ऐकत बसलेल्या असतात. नारायणगावावरून जाताना आता मला उगाच आपली भावकी वाटते. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नसेल.

माझी भावकी अर्थात गच्चीवरची आहे. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या टोपीपर्यंत ताणलेली एक तार, जिच्यावर तिसऱ्या मजल्याने एकदा टॉवेल वाळत घातला होता. खाली सगळ्या घरांत एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट. संध्याकाळी सातला दिवे लागले की रेडिओत मधमाश्यांचं पोळं फुटतं. अशा बिल्डिंगमध्ये तोंडी बोलून टोकियो गाठणं म्हणजे मंडईत उभं राहून कुजबुजणं. एफटी८ नसतं तर माझा रेडिओ माळ्यावर गेला असता, हे मी काकांनाही सांगितलं. त्यांचा स्वतःचा बंगला आहे, मागे नारळ आहेत. ते नुसतं ‘हं’ म्हणाले.

मात्र या पद्धतीचं एक मोठं दुखणं आहे, घड्याळ. सगळ्या जगाचे घास एकाच क्षणी सुरू व्हावे लागतात, सेकंदभराची चूक म्हणजे खूप झाली. एका पावसाळी रात्री स्क्रीनवर सिग्नलचे हवे तेवढे पट्टे दिसत होते, पण एकही ओळ उमटेना. मी छत्री घेऊन गच्चीवर गेलो, तार तपासली, सांधा सोलून पुन्हा बांधला, वॉचमनच्या ‘काय हरवलं का साहेब’ला उत्तर दिलं, भिजून खाली आलो. तसंच. दुसऱ्या दिवशी कळलं, वाय-फाय बंद होतं आणि लॅपटॉपचं घड्याळ चार सेकंद मागे पडलं होतं. म्हणजे मी रात्रभर दर वेळी रिसेप्शन आटोपल्यावर हॉलवर पोचत होतो.

मागच्या रविवारी काका आले. टोकियोचाच एक जण आला होता. मी माउस दाबला. रेडिओ पाठवू लागला, तसं काकांनी टेबलावर बोटाच्या पेराने ठोकायला सुरुवात केली. डि-डा-डा-डा. माझा संदेश, तोच, मोर्समध्ये. लॅपटॉपवरची पट्टी सरकतेय, काका ठोकतायत, मान जराशी वाकडी. पट्टी तेरा सेकंदांच्या आसपास थांबली, आणि काका शेवटच्या आकड्यावर होते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हा एवढा सगळा विज्ञानाचा डोलारा मोर्सपेक्षा काही वेगवान नाही.

“नाव काय त्याचं?” काकांनी विचारलं.

“नाव नाही हो येत यात.”

“मग विचार.”

विचारता येतं. तेरा अक्षरांचा एक रकाना असतो, मोकळा मजकूर लिहायला. मी तो एवढ्या वर्षांत दोनदा वापरला असेन. ‘ओएम नेम पीएसई?’, म्हणजे ‘मित्रा, नाव सांगशील का?’, हे इंग्रजी अक्षरांत बारा भरलं. पाठवलं. पुढचा घास रिकामा गेला. अजून एकदा पाठवलं. तोवर हा दुसऱ्याच्या रांगेत गेला असणार, असं मी म्हणतच होतो, तेवढ्यात ओळ आली. तीन अक्षरी नाव आणि पुढे, ‘यूआर?’ म्हणजे ‘तुझं?’

“तुमचं लिहा,” म्हणून मी लॅपटॉप काकांपुढे सरकवला.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. एका बोटाने पहिलं अक्षर शोधलं. दुसरं सापडेना. कीबोर्डवरून बोट सावकाश फिरत होतं आणि खालची पट्टी शांतपणे भरत चालली होती.

“अरे थांब की जरा,” काका संगणकाला म्हणाले.