परड्यात एकांड्या माश्या वसवताना

मधमाशी म्हटलं की पोळं, राणी आणि मध एवढंच आपल्याला आठवतं. पण जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकांड्या. ना राणी, ना कामकरी, ना काढून घ्यायला मध. प्रत्येक मादी आपलं घर आपणच बांधते, परागाचा गोळा साठवते, त्यावर एक अंडं घालते, तोंड बंद करते आणि पुढच्या खोलीच्या कामाला लागते. येळ्ळूरच्या आमच्या परड्यात त्यांची सोय करायची, असं मी ठरवलं ते वांग्यांमुळे.

झाडं फुलांनी भरायची, पण फळ धरायचं थोडं. वांग्याच्या फुलातला पराग पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर येतो. त्यासाठी फूल जोरात हलावं लागतं आणि पोळ्यातल्या माशीला ते जमत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी आणि मोठा काळा भुंगा मात्र फुलाला घट्ट धरून अख्खं अंग थरथरवतात. जवळ उभं राहिलं तर त्यांच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढलेला ऐकू येतो.

आधी खाण्यापिण्याचं बघितलं. सासूबाई तुळशीच्या मंजिऱ्या न चुकता खुडायच्या. मग वृंदावनातली तुळस त्यांची आणि मागच्या बांधावरची माश्यांची, अशी वाटणी झाली. सब्जा लावला, थोडी कोथिंबीर फुलावर जाऊ दिली, कडेनं तूर टोकली. पावसाळ्यात दोडका, काकडी, थंडी सरताना शेवगा, उन्हाळ्यात कढीपत्ता; वर्षभर काही ना काही फुललेलं असायला हवं. भरगच्च पाकळ्यांचे संकरित झेंडू दिसायला छान, पण त्यांत माशीच्या हाती फारसं लागत नाही. सगळ्यांत जास्त वर्दळ तुरीवर.

घरासाठी बुरुडाकडून बांबूचे बारीक तुकडे आणले. आतली पोकळी ६ ते ८ मिलिमीटर, लांबी वीतभर, एका टोकाला पेर शाबूत, म्हणजे ते टोक आपोआप बंद. तोंडाशी कूस राहिली तर पंख फाटतात, म्हणून कड पॉलिश पेपरनं घासली. मोळी बांधून वळचणीखाली वाशाला पक्की आवळली, कारण हलतं घर त्यांना चालत नाही. तोंड पूर्वेला ठेवलं: सकाळचं ऊन लागतं आणि आपल्याकडची पश्चिमेची झड आत जात नाही.

काही दिवसांनी शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "गुलाबाला कीड लागलीया की गं, औषध मार काहीतरी." पानांच्या कडा नाण्यानं छापल्यासारख्या गोल कापलेल्या होत्या. मी त्यांना तिथंच थांबवून घेतलं. थोड्या वेळानं पानकापी माशी आली, पानाच्या कडेवर बसली, जबड्यानं भराभर गोल कापत गेली आणि तुकडा पोटाशी धरून थेट बांबूत शिरली. लांबट तुकड्यांच्या भिंती, गोल तुकड्यांची झाकणं. गुलाबाचं त्यानं काही बिघडत नाही. काकूंना भीती होती ती डंखाची. या माश्यांना राखायला पोळं नसतं, त्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत. चिमटीत धरलं तरच डसतात.

फवारणी मी पूर्ण बंद केली. वांग्याचा शेंडा अळीनं कोमेजला की तो खालून खुडून जाळून टाकते. रोज फेरी मारावी लागते, पण जमतं. भोगीच्या भाजीला यंदा घरची वांगी पुरली आणि काकूंकडेही गेली.

अडचण आली ती मागच्या मातीच्या भिंतीची. निळ्या पट्ट्यांच्या माश्यांची बिळं तिच्यातच आहेत आणि घरच्यांना तिला सिमेंटचा गिलावा करायचा होता. बरीच वादावादी झाली. शेवटी पावसाच्या अंगाची बाजू गिलाव्याची आणि पूर्वेची तशीच मातीची ठेवायची, असं ठरलं. गवंडी आला तेव्हा तो बिळंही लिंपायला निघाला होता, म्हणून मी काम संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.