निम्म्या वेगाचा शंकू: भूत सापडलं

मंडळी, मागच्या वेळी रडलो होतो, की स्पिनांच्या (इवल्या क्वांटम चुंबकांच्या) साखळीच्या माझ्या सिम्युलेशनमध्ये सहसंबंधाची खबर अंतर-वेळेच्या आलेखावर ज्या शंकूत पसरते, तो निम्म्याच वेगानं उघडतोय. तो शंकू सरळ झाला. नऊ दिवस गेले. चूक माझीच, आणि लाज वाटावी अशी.

४० स्पिनांची उघडी साखळी, सगळे स्पिन एक्स दिशेला, मग क्वेंच, म्हणजे नियम अचानक बदलणं: शेजाऱ्यांमधली झेड दिशेची ओढ जे १, एक्स दिशेचं क्षेत्र एच ०.५. इथे क्वासीपार्टिकलचा (साखळीतून कणासारख्या धावणाऱ्या लहरीचा) कमाल वेग २एच, म्हणजे १. ते जोडीनं निघतात आणि दोघे उलट दिशांना पळतात, म्हणून सहसंबंधाची कड २ च्या वेगानं सरकायला हवी. दहा घरांवर खबर टी (वेळ) ५ च्या आसपास पोचायला हवी. माझ्याकडे १० ला पोचत होती.

बरोबर निम्मा! त्यानंच फसवलं. वाटलं, पळणाऱ्या जोड्यांच्या, कालाब्रेझ आणि कार्डी या भौतिकशास्त्रज्ञांच्या २००६ च्या चित्रातला तो जोडीचा दोन मीच कुठेतरी खाल्ला. ट्रॉटर पायरी (एका वेळी पुढे सरकायचा वेळेचा तुकडा) ०.०५ ची ०.०१ केली, बॉन्ड डायमेन्शन (स्पिनांमधली गुंतागुंत किती साठवायची, ती मर्यादा) ६४ चं २५६. पंचवटीत पहाटे लाइट गेली, एक रन तिथंच मेला. लॅपटॉपचा पंखा असा की आईनं आतून विचारलं, "अरे, मिक्सर चालू राहिला का?"

शनिवारी सातपूरची शिफ्ट संपवून आलो आणि १२ स्पिनांवर अचूक गणित करून ताडून पाहायचं ठरवलं. टीईबीडीच्या (साखळी वेळेत पुढे नेणाऱ्या माझ्या नेहमीच्या पद्धतीच्या) आउटपुटची पहिलीच ओळ: ऊर्जा −३. सगळे एक्स दिशेला असताना शेजाऱ्यांचा भाग शून्य, उरतं −०.५ गुणिले १२, म्हणजे −६. मागचे रन उघडले, तर ४० च्या साखळीतही −२० च्या जागी −१०. नऊ दिवस डोळ्यांसमोर!

मी वापरतो त्या टेनपाय या पायथन लायब्ररीचं तयार आयझिंग मॉडेल (म्हणजे हीच साखळी) स्पिनसाठी पाउली मॅट्रिक्स वापरतं. पुढे टर्म वाढवायच्या म्हणून मी साधं स्पिन-चेन घेतलं, त्यात स्पिनसाठी एस असतो, पाउलीच्या निम्मा. म्हणजे शेजाऱ्यांची टर्म (तिच्यात दोन एस) पाव, क्षेत्र निम्मं, दोन्ही ०.२५. नऊ दिवस नेमका क्रिटिकल बिंदूवर (ओढ आणि क्षेत्र सारखे, जिथे साखळीची अवस्था बदलते) बसलो होतो आणि पत्ता नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, वाचतो कोण?

जे ४, एच १ भरलं. पहिली ओळ −२०. दहा घरांवर खबर ५ च्या जरा नंतर, कारण कड टी च्या एक-तृतीयांश घातानं पसरते. लॉग स्केलवर शंकूबाहेरची झपाट्यानं विरत जाणारी शेपटी बराच वेळ बघत बसलो.

 

पुढचा बेत लांब पल्ल्याच्या (दूरच्या स्पिनांमधल्या) टर्मचा होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी झेड दिशेचं क्षेत्र टाकावं. २०१७ मध्ये कोर्मोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्यानं क्वासीपार्टिकलच्या जोड्या एकमेकांना बांधल्या जातात आणि शंकू जवळजवळ अडतो. एन्ट्रॉपीही (गुंतागुंतीचं माप) हळू वाढते, म्हणजे बॉन्ड डायमेन्शन ६४ मध्ये भागेल, या लॅपटॉपला तेच झेपेल.

थांबा, लावलाच रन. सगळे झेड दिशेला, जे १, आडवं (एक्स) क्षेत्र ०.२५, उभं (झेड) ०.१ (यावेळी दुप्पट करूनच भरलं). पहिली ओळ −४३. शेजाऱ्यांच्या जोड्यांचे −३९, उभ्या क्षेत्राचे −४. बसला हिशेब.