सम्राटासाठी बंड, सम्राटच भडकला
मला वाटायचं जपानी सैन्य म्हणजे सम्राटाने बोट दाखवलं की निघालं. पण २६ फेब्रुवारी १९३६ चं वाचलं नि डोकंच चक्रावलं. तरुण अधिकारी पहाटे हजारावर सैनिक घेऊन बर्फाळ टोकियोत बाहेर पडले, अर्थमंत्री ताकाहाशींना मारलं, पंतप्रधान ओकादा समजून त्यांच्या मेव्हण्यालाच गोळ्या घातल्या (ओकादा घरातच लपून वाचले!), आणि कशासाठी, तर म्हणे सम्राटाच्या हाती खरी सत्ता यावी म्हणून. सम्राट हिरोहितो मात्र असा भडकला की बंड मोडायला मीच इम्पीरियल गार्ड (सम्राटाची रक्षक सेना) घेऊन निघतो म्हणाला. २९ ला बंड संपलं. पण लष्कराचा दाब उलट वाढलाच, त्याच वर्षी लष्करमंत्री सेवेतलाच अधिकारी हवा हा जुना नियम परत आला, म्हणजे लष्कराने माणूस दिला नाही की कॅबिनेट गेलं. १९४० मध्ये पंतप्रधान योनाईंचं सरकार असंच पडलं.